रिमोट हरवतो तेव्हा : दूरनियंत्रणाचा एक छोटा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? टीव्हीला लावायच्या त्या बोटभर स्टिकचा रिमोट हरवला, आता ती घरच्या वायफायला कशी जोडायची, हा तर शेजारच्या मुलाला विचारायचा प्रश्न. पण आपल्या या व्याख्यानमालेत आपण नेहमी एकच गोष्ट करतो. रोजच्या वापरातली वस्तू घ्यायची आणि ती अशीच का आहे, हे विचारायचं. आजही तेच करू.

सुरुवात घरातूनच करतो. आमच्या थोरल्या काकू साताऱ्याहून पुण्याला राहायला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात, गुडघे दुखतात. संध्याकाळी दिवा लावला की कीर्तन आणि त्यानंतर एखादं जुनं नाटक, हा त्यांचा नेम. सामान हलवताना देव आले, लोणच्याच्या बरण्या आल्या, टीव्हीही आला. स्टिकचा रिमोट मात्र आला नाही. नवीन घरात वायफाय नवीन, त्याचं नाव नवीन. टीव्ही लावला की पडद्यावर एकच वाक्य, नेटवर्क सापडत नाही.

आम्ही म्हटलं, सोपं आहे, मोबाईलवर रिमोटचं ॲप असतं. ॲप उघडलं. ते म्हणालं, मोबाईल आणि स्टिक एकाच वायफायवर हवेत. म्हणजे स्टिक वायफायला जोडायची तर रिमोट हवा, आणि मोबाईलचा रिमोट करायचा तर स्टिक आधी वायफायला जोडलेली हवी. कपाटाची किल्ली कपाटातच राहून गेली, तसं झालं. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. चार दिवस काकू संध्याकाळी काळ्या पडद्यासमोर बसल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "राहू दे रे, आता माझ्याच घरातलं माझ्या हातात काही राहिलं नाही." ते वाक्य आम्हाला लागलं. कारण दूरनियंत्रणाचा सगळा इतिहास याच प्रश्नाचा आहे. घरातल्या यंत्राचा ताबा नेमका कुठे असतो?

आता थोडं मागे जाऊ. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी बोट सोडली आणि ती तारेशिवाय, रेडिओलहरींनी चालवून दाखवली. ताबा यंत्रापासून दूर नेता येतो, हे लोकांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. घरात ही कल्पना आली ती १९३९ च्या सुमारास. अमेरिकेतल्या फिल्को कंपनीने रेडिओसेटसाठी एक लाकडी पेटी काढली, तिच्यावर टेलिफोनसारखी फिरवायची तबकडी होती. ती फिरवली की पलीकडचा रेडिओ स्टेशन बदलायचा.

टीव्हीच्या रिमोटची खरी गोष्ट मात्र झेनिथ या अमेरिकी कंपनीची. तिचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. जाहिरात लागली की खुर्चीतून न उठता आवाज बंद करता यावा, अशी त्यांची मागणी. १९५० साली 'लेझी बोन्स' आला. नावातच आळस! पण त्याला वायर होती, आणि दिवाणखान्यातून जाताना लोक तिला अडखळू लागले. मग वायर काढायची ठरली. १९५५ साली यूजीन पॉली यांनी 'फ्लॅशमॅटिक' केला. पिस्तुलासारखा दिसणारा टॉर्च, आणि टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे. एका कोपऱ्यावर झोत मारला की चॅनेल पुढे, दुसऱ्यावर मारला की मागे. अडचण अशी की खिडकीतून ऊन आलं की तेही चॅनेल बदलायचं.

मग काम आलं रॉबर्ट ॲडलर यांच्याकडे. हे मूळचे व्हिएन्नाचे. रेडिओलहरी वापराव्यात असा विचार झालाच होता, पण त्या भिंतीतून आरपार जातात. आपण बटण दाबायचं आणि शेजाऱ्याचा टीव्ही बदलायचा! हा शेजारी लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे. ॲडलर यांनी माणसाला ऐकू न येणारा आवाज वापरला. १९५६ च्या 'स्पेस कमांड'मध्ये ॲल्युमिनियमच्या चार कांड्या होत्या. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर बसायची, आणि प्रत्येक कांडीचा सूर वेगळा. त्याला सेल लागत नव्हता. सेल संपला तर गिऱ्हाईक म्हणेल टीव्हीच बिघडला, ही कंपनीची धास्ती. अमेरिकेत रिमोटला अजूनही कित्येक लोक 'क्लिकर' म्हणतात, ते त्या हातोडीच्या आवाजावरून.

सुमारे पंचवीस वर्षं हे तंत्र चाललं. १९८० च्या दशकात त्याची जागा इन्फ्रारेडने घेतली, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने. हा प्रकाश भिंत ओलांडत नाही, म्हणून शेजाऱ्याचा प्रश्न मिटला. शिवाय त्यातून कितीतरी वेगवेगळे संदेश पाठवता येतात, म्हणून बटणं वाढली. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा प्रकाश कुणालाही पाठवता येतो. टीव्ही विचारत नाही, तू कोण? ठरलेला संकेत आला की तो ऐकतो. म्हणून एक रिमोट हरवला की बाजारातून साधा दुसरा आणता येतो.

आपल्याकडे त्या काळात काय होतं? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. लाकडी शटरचा टीव्ही, चॅनेलचं कटकट वाजणारं बटण, आणि गच्चीवर अँटेना फिरवणारा दादा. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. घरातलं सगळ्यात धाकटं पोर हाच रिमोट. "ऊठ रे, आवाज कमी कर." पण खरं सांगायचं तर रिमोटची गरजच नव्हती. एकच वाहिनी, तर बदलणार काय? १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गल्लोगल्ली केबल आली, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी टीव्ही सुरू झाला, आणि बघता बघता वाहिन्या बोटांवर मोजता येईनात. तेव्हा रिमोट घरोघरी गरजेचा झाला. त्याला प्लॅस्टिकची पिशवी चढली, आणि रात्री तो कुणाच्या उशाशी यावरून घरात कोणाचं चालतं हे कळू लागलं.

एक गोष्ट इथे नोंदवू या. तोवर टीव्हीच्या अंगावर बटणं होतीच. रिमोट हरवला तर उठायचं आणि बटण दाबायचं. ताबा हातात आला होता, पण यंत्रावरूनही गेला नव्हता.

आता दुसरा धागा, वायफायचा. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता, ज्यात मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो. पहिलं गिऱ्हाईक कोण? दुकानांतली गल्ल्याची यंत्रं! एनसीआर ही कंपनी ती यंत्रं करायची. दुकानाची मांडणी बदलली की वायरी पुन्हा टाकाव्या लागायच्या, ते टाळायचं होतं. तिच्या नेदरलँड्समधल्या केंद्रातले व्हिक हेज हे पुढे मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. पहिलं मानक १९९७ साली आलं, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ साली तो ११ वर गेला आणि 'वायफाय' हे बाजारात चालेल असं नाव पाडलं गेलं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला २००५ च्या जानेवारीत.

त्या मानकातली एक तरतूद आपल्या काकूंच्या कामाची आहे. मोठं गोदाम किंवा कॉलेज घ्या. एका यंत्राची लहर सगळीकडे पोचत नाही, म्हणून अनेक यंत्रं बसवायची, पण सगळ्यांचं नाव एकच ठेवायचं. माणूस चालत गेला की त्याचं उपकरण एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जातं. याचा अर्थ असा की आपलं उपकरण राउटरचा डबा ओळखत नाही, ते नाव ओळखतं. आणि २००३-०४ मध्ये जी सुरक्षापद्धत आली, तिच्यात नाव आणि पासवर्ड एकत्र करून ४०९६ वेळा गणिताच्या घाण्यातून काढतात आणि त्यातून किल्ली तयार होते. दोन्ही बाजूंची किल्ली जुळली की दार उघडतं. तो डबा साताऱ्यातला की पुण्यातला, हे कुणी विचारत नाही.

हे दोन धागे एकत्र आले स्ट्रीमिंगच्या उपकरणांत. २००८ साली रोकूचा पहिला डबा आला. २०१३ साली गूगलने क्रोमकास्ट काढला, त्याला रिमोटच नव्हता, सगळं मोबाईलवरून. पण लोकांना हातात काहीतरी हवंच असतं. २०२० साली त्याच मालिकेतलं नवीन उपकरण रिमोट घेऊन आलं. आणि आता तो शेजारी पुन्हा येतो बरं का. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे लपलेली असते, तिथे इन्फ्रारेड पोचत नाही. म्हणून बहुतेक स्टिकचे रिमोट रेडिओलहरींवर चालतात, म्हणजे जे ॲडलर यांच्या वेळी नाकारलं होतं तेच. मग शेजाऱ्याचा टीव्ही का बदलत नाही? कारण रिमोट आणि स्टिक यांची आधी जोडी लावलेली असते. ती स्टिक फक्त त्याचंच ऐकते. शेजाऱ्याचा प्रश्न सुटला, पण किंमत ही की शेजाऱ्याचा रिमोट आता आपल्या उपयोगाचा नाही. आणि स्टिकच्या अंगावर चॅनेलचं, आवाजाचं बटणच नाही. ताबा यंत्रावरून पूर्ण निघून गेला.

मग वाट कुठली? आम्ही तीन वाटा पाहिल्या.

पहिली, टीव्हीचाच रिमोट. एचडीएमआयच्या वायरीत तेरा नंबरची पिन फक्त उपकरणांनी एकमेकांना निरोप देण्यासाठी राखलेली असते. या सोयीला सीईसी म्हणतात, टीव्हीच्या कंपन्या तिला आपापली नावं देतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू असेल, तर टीव्हीच्या रिमोटचे बाण स्टिकलाही चालतात. सगळ्यात आधी हेच करून पाहावं. काकूंचा टीव्ही जुना, त्यात ती सोय नव्हती.

दुसरी, कीबोर्ड किंवा माउस. अँड्रॉइडच्या काही डब्यांना यूएसबीचं भोक असतं, तिथे तो लावला की काम होतं. काकूंच्या स्टिकला ते नव्हतं.

तिसरी वाट गोदामवाल्यांची. स्टिकला साताऱ्याचं नाव आणि पासवर्ड पाठ आहे ना? मग साताऱ्याचं वायफाय पुण्यात आणायचं. एका मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला आणि त्याला जुन्या राउटरचं नाव, जुना पासवर्ड दिला. पासवर्ड काकूंच्या दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर होता. पहिल्यांदा जमलं नाही. मूळ नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर लहान होतं, आम्ही मोठं टाकलं होतं. एक अक्षर चुकलं की नाव वेगळं, किल्ली वेगळी. ते सुधारलं, हॉटस्पॉट २.४ च्या पट्ट्यावर ठेवला, कारण काही जुन्या स्टिकना पाचचा पट्टा दिसत नाही. स्टिक बंद करून चालू केली. मिनिटभरात ती जोडली गेली! मग दुसरा मोबाईल त्याच हॉटस्पॉटला जोडून ॲप उघडलं, पडद्यावर आलेला आकडा त्यात टाकला, आणि मोबाईलचा रिमोट झाला. तिथून सेटिंगमध्ये जाऊन नवीन घरचं वायफाय निवडलं. त्या क्षणी ॲप तुटतं, घाबरू नये. तो मोबाईलही नवीन वायफायला जोडला की ते परत येतं.

एक सावधगिरी. उपकरण नावावर आणि पासवर्डवर विश्वास ठेवतं, म्हणजे ते दोन्ही ज्याला माहीत आहे तो आपल्या घराचं सोंग घेऊ शकतो. आपण काकूंसाठी घेतलं, दुसरा वाईट हेतूने घेईल. म्हणून पासवर्ड वहीत लिहावा, भिंतीवर लावू नये. आणि घर बदलताना आणखी सोपं हवं असेल, तर नवीन राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. घरातली सगळी उपकरणं आपली आपण जोडली जातात.

लेझी बोन्सपासून इथवर प्रत्येक पिढीने मागची अडचण सोडवली आणि एक नवी ठेवून दिली. वायर गेली, ऊन आलं. शेजारी गेला, जोडी आली. पण प्रत्येक वेळी जुन्या व्यवस्थेचा काहीतरी भाग आत शिल्लक राहतो, आणि अडल्या वेळी तोच कामाला येतो.

त्या संध्याकाळी कीर्तन लागलं. काकूंनी आमच्या मोबाईलकडे पाहिलं आणि विचारलं, "हा तू घेऊन गेलास की मग मी काय करू?" प्रश्न बरोबर होता. दुसऱ्याच दिवशी त्या स्टिकशी जोडता येईल असा नवीन रिमोट मागवला. तो आल्यावर त्यांनी त्याला लाल लोकरीची दोरी बांधली आणि खुर्चीच्या हाताला अडकवला. म्हणजे १९५० साल परत आलं म्हणायचं. वायर पुन्हा लागली, पण या वेळी ती काकूंनी स्वतः लावली.

आता प्रश्न असतील तर घेऊ.