सर्पगंधा, रिस्पेरिडोन आणि गॅसचा नॉब

मागच्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या ओसीडीच्या गोळ्यांसोबत रिस्पेरिडोन लिहून दिलं. कॉलेज रोडवर मेडिकलबाहेर उभं राहून गुगल केलं, तर 'अँटिसायकॉटिक'. म्हणजे मी वेडा? घरी सांगितलंच नाही.

मग नेहमीसारखा इतिहासात घुसलो. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि लवकरच न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना देऊ लागले. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकील आणि क्लाइन दोघंही आहेत! गंमत म्हणजे १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी हेच रेसर्पिन चिंता-नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं. काहींना नुसती औषध नसलेली गोळी. रेसर्पिनवाल्यांना जास्त आराम पडला. म्हणजे एकच औषध: रक्तदाब, भ्रम, चिंता. माझी भीती निम्मी तिथेच गेली.

रिस्पेरिडोन हे खूप नंतरचं, वेगळं औषध. त्याचा हिशेब २०१३ चा: अमेरिकेत ओसीडीचे १०० रुग्ण, सगळे आधीच एसएसआरआय गोळ्यांवर. रिस्पेरिडोन जोडल्यावर २३ टक्क्यांना फरक पडला, औषध नसलेल्या गोळीने १५, आणि भीती वाटली तरी ती कृती न करण्याच्या थेरपीने ८०!

हे आकडे डॉक्टरांसमोर ठेवले. गोळी त्यांनीच हळूहळू कमी केली, थेरपी सुरू झाली. आता गॅसचा नॉब एकदाच बघून बाहेर पडायचं. आई मागून "बंद आहे रे!" म्हणायची, तेही बोलू नको, असं तिला सांगून ठेवलंय.