ललाटत्वचा व पुण्याची नासासंधानक्रिया

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडन येथील ‘जंटलमन्स मॅगेझीन’ या मासिकांत पुण्याजवळ झालेल्या एका नासासंधानाची हकीकत प्रसिद्ध झाली. कावसजी नांवाचा मराठा शेतकरी इ. स. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी सैन्याकडे बैल हांकीत असतां टिपूच्या हातीं सांपडला, व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर वीटकरी जातीच्या एका इसमानें त्यास नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचें त्यांत नमूद आहे.

ही क्रिया सुश्रुतसंहितेंतून जशीच्या तशी उतरली, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. आम्हींहि आमच्या विद्यार्थ्यांस अनेक वर्षें तसेंच सांगितलें. परंतु ग्रंथ व हकीकत शेजारीं ठेवून वाचतां तें विधान टिकत नाहीं, हें आतां कबूल करणें प्राप्त आहे.

सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायांत नाकाएवढें पान मापास घेऊन त्या मापाची त्वचा गालाच्या बाजूनें सोडवावी, ती एका अंगानें जोडलेली राहूं द्यावी, आंत दोन नळ्या ठेवाव्या व वर पतंग, ज्येष्ठमध आणि रसांजन यांचें चूर्ण टाकावें, असें सांगितलें आहे. पुण्यास पानाऐवजीं मेणाचा पातळ पत्रा, चूर्णाऐवजीं भिजविलेला काथ, आणि गालाऐवजीं कपाळ! माप घेणें व त्वचा पूर्णपणें न तोडणें हीं दोन तत्त्वें समान. स्थान मात्र भिन्न.

हा स्थानभेद क्षुल्लक नव्हे. शारीरस्थानाच्या ४ थ्या अध्यायांत सुश्रुत सात त्वचा मोजतो. सर्वांत वरची अवभासिनी व्रीहीच्या, म्हणजे भाताच्या दाण्याच्या, अठराव्या हिश्शाएवढी. सर्वांत खालची मांसधरा दोन व्रीहींएवढी. पण हें प्रमाण मांसल भागांचें असून कपाळ व बारीक बोटें यांस तें लागू नाहीं, असेंहि तो तेथेंच बजावतो. कपाळाची त्वचा निराळी आहे, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

आधुनिक शारीरशास्त्रानें चेहऱ्याचे थर वेगळ्या रीतीनें लाविले आहेत. त्यांची सुश्रुताच्या सात त्वचांशीं ओढाताण करून जुळणी करूं नये. गालावर त्वचा, तिच्याखालीं मेद, व मेदाखालीं चेहऱ्याच्या स्नायूंशीं निगडित असा तंतुमय पदर असतो. मिट्झ व पेरोनी यांनीं इ. स. १९७६ मध्यें याचें वर्णन केलें. चेहरा हालविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा गालावर या पदराखालीं असतात. म्हणून सुरकुत्या काढणारा शस्त्रवैद्य आज या पदराचें भान ठेवूनच हत्यार चालवितो. कपाळावर त्वचा, मेद, स्नायू व त्याचा पदर, मग एक सैल थर, आणि शेवटीं अस्थीचें आवरण असा क्रम आहे. डोळ्याच्या खोबणीच्या आंतल्या कोपऱ्याजवळून निघणारी धमनी प्रथम स्नायूच्या आश्रयानें वर चढते व पुढें त्वचेच्या निकट येते.

आतां पुण्याच्या कारागिराचें कृत्य पाहावें. त्यानें दोन डोळ्यांच्या मधली अरुंद पट्टी न तोडतां राखिली, त्वचा खालीं फिरवून नाकाच्या जागीं बसविली, व सांधा जुळल्यावर सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती पट्टी तोडली. रक्त खेळतें राहावें म्हणून पट्टी राखितात, असें त्या हकीकतींतच स्पष्ट म्हटलें आहे. धमनीचा मार्ग नेमका तेथूनच जातो. लंडनच्या कार्प्यू याने इ. स. १८१४ मध्यें हीच रीत अंगीकारली, व इ. स. १८१६ मध्यें आपला ग्रंथ छापून ती युरोपास परिचित केली.

तात्पर्य, पुण्याची विद्या केवळ पोथीची नव्हती. ती हातांतून हातांत आलेली होती. हें म्हटल्यानें सुश्रुताचें थोरपण उणें होत नाहीं. मात्र सर्व श्रेय पोथीस दिल्यास त्या हाताचें श्रेय बुडतें. कार्प्यूचें नांव राहिलें. ज्याच्या रीतीवर त्यानें हत्यार उचललें, त्या वीटकऱ्याची जात तेवढी छापली गेली, नांव नाहीं.

सुश्रुतसंहितेची इ. स. ८७८ ची ताडपत्र-पोथी नेपाळांत जपली गेली, म्हणून आज तिच्यांतले पाठ ताडून पाहतां येतात. आपल्याकडील वैद्यकाचीं मोडी बाडें मात्र ग्रंथ नव्हेत म्हणून रद्दींत जातात. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, काथ, मेण व तूप यांचे हिशेब असलेला चिटोराहि फेंकूं नये. त्या हाताचा माग लागलाच, तर अशाच कागदांतून लागेल.