ताडोबा: फोन गेटवर, पाय गाडीत

आजचा एपिसोड तुम्ही बहुतेक फोनवर ऐकताय, आणि विषय आहे असं जंगल जिथे फोन चालत नाही. नेटवर्क नाही म्हणून नव्हे, नियमच तसा आहे.

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटे माझा फोन काढून ठेवला, तेव्हा खरं सांगते, चिडचिड झाली. वर गाईडच्या सूचना: गाडीतून उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, कचरा टाकायचा नाही. मला वाटलं, ही यादी कुणीतरी एका बैठकीत बसून केली असणार. घरी येऊन वाचत गेले तर कळलं, एकेका नियमाचं वय वेगळं आहे. आणि दर वेळी कुणाला तरी बाहेर व्हावं लागलंय.

पहिले बाहेर गेले शिकारी. १९३५ साली इथे शिकार बंद झाली. १९५५ मध्ये साधारण ११६ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं. गंमत बघा, तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं, चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता! म्हणजे आपलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान राज्यापेक्षा पाच वर्षांनी मोठं.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आत जायला परवाना हवा, आणि तो कशासाठी मिळू शकतो त्याची यादीच कायद्यात आहे. संशोधन, फोटोग्राफी, आणि हो, पर्यटनसुद्धा. म्हणजे आपली सफारी हा हक्क नाही, दिलेली मुभा आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, तेव्हा हे सगळ्यांना चांगलंच कळलं. नंतर पर्यटनासाठी कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भाग ठरला. फोनबंदी तर अगदी अलीकडची, २०१८ च्या अखेरची. वाघ दिसला की जिप्सींची गर्दी, सेल्फी, लगेच लोकेशन पाठवणं... बंदी आली यात नवल नाही. माझी चिडचिड तिथे संपली.

पण एक गोष्ट अजून खटकते. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, ६२५ चौरस किलोमीटरचा. आतली नवेगाव, जामणी अशी गावं पुढे बाहेर हलवली गेली. आणि ताडोबा हे नाव ज्याच्यावरून आलं असं सांगतात, तो तारू मात्र आतच राहिला. तारू हा गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि आदिवासींचा देव झाला. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे यात्रा भरायची. आता ते कोअरमध्ये, म्हणजे देवाला भेटायलाही परवानगी हवी. मी पैसे भरून वाघ बघायला जाते आणि ज्यांचा तो देव आहे तेही परवानगीच्याच रांगेत, हे एका मापाने मोजणं मला पटत नाही. वाघाला शांतता हवी, मान्य. पण वर्षातून एकदा अनवाणी येणारे भक्त आणि रोज धुरळा उडवत जाणाऱ्या जिप्सी, यांत जास्त त्रास कुणाचा?

तलावाजवळून जाताना आमच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली, एक हात कपाळाला लावला आणि पुढे निघाला. उतरायची मुभा त्यालाही नव्हती.

बुकिंग करणार असाल तर मंगळवारी सफारी बंद असते, आणि पावसाळ्यात कोअरही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.