बैलगाडीचं अंगण आणि शंभर रुपयांची पावती

आषाढी जवळ आली की पंढरपुरात घरोघरी पुठ्ठ्याचे बोर्ड निघतात. 'गाडी लावण्याची सोय आहे.' खाली बाण, बाणाखाली मोबाईल नंबर. आमच्याही दारावर लागतो. बाहेरगावचे मित्र चेष्टा करतात, "पत्रकार साहेब, आता पार्किंगवाले झालात का?" म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. कारण हा धंदा आमच्यासाठी नवा नाही. पणजोबांच्या काळापासूनचा आहे, फक्त गाडी बदलली.

आमचा वाडा प्रदक्षिणा मार्गापासून दोन बोळ आत. दिंडी दरवाजा, देवडी, मग मोठा चौक, चौकात आड, मागे परसू आणि गोठा. उंबऱ्याच्या दगडाला दोन्ही अंगांना घासून खळगे पडलेत. लोखंडी धावेची चाकं तिथून वर्षानुवर्षं आत-बाहेर झाली, त्याच्या त्या खुणा. वारकरी पायी यायचे हे खरं, पण दिंडीचा शिधा, भांडी, तंबू, म्हातारी माणसं हे सगळं गाडीत असायचं. गाडी आली की बैल आले. बैल आले की वैरण, पाणी, सावली हवी. यात्रेकरू मठात नाहीतर धर्मशाळेत उतरला तरी बैल बांधायला जागा लागायचीच. ज्याच्याकडे चौक आणि आड, त्याच्याकडे गाडीवाले.

आजी सांगायची, रोख पैसे फार थोडे मिळायचे. ज्वारीची पायली, गुळाची ढेप, कधी हरभऱ्याची डाळ. आणि बैलांचं शेण! ते आपोआप आपलं. आषाढी-कार्तिकीच्या गोवऱ्यांवर आमची चूल पुढचे तीन-चार महिने चालायची. तिच्या हिशोबात भाडं दुय्यम होतं आणि शेण मुख्य.

मग रेल्वे आली. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभी केलेली. 1897 ला बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली, 1906 ला पंढरपूरला पोचली, 1927 ला मिरजेला. त्याआधी लांबून येणारा यात्रेकरू कुर्डुवाडीला उतरून गाडीरस्त्याने पंढरपूर गाठायचा. रेल्वेने येणाऱ्याला बैल बांधायचे नव्हते, त्याला खोली हवी होती. चौक तसाच राहिला आणि ओसरीला पडदे लागले. यात्रा कराची वसुली, पटकीच्या साथी, नगरपालिकेची तपासणी हे सगळं त्याच काळातलं. त्यावर वेगळं लिहीन.

1948 ला एसटी सुरू झाली आणि पुढे दिंडीच्या गाड्यांची जागा ट्रकने घेतली. ट्रक काही आमच्या दिंडी दरवाजातून आत येत नाही. इथे आमच्या बोळातल्या घरांचं नशीब फुटलं, दोन दिशांना. काहींनी वाडा पाडला, तीन मजली लॉज बांधला, चौकाच्या जागी जिना आला. आमच्या वडिलांकडे पैसे नव्हते म्हणून वाडा राहिला. (त्याला आता लोक 'वारसा जपला' म्हणतात. वडील ऐकून हसतात.) चौकात मग सायकली लागायच्या. सणाला दहा पैसे, वीस पैसे.

आज मोटार आहे. दरवाजा बैलगाडीच्या मापाचा असल्याने छोटी गाडी आरसे मिटून बरोबर आत येते. चौकात सहा बसतात, परसात दोन. यात्रेच्या मुख्य दिवसांत पोलीस शहरात वाहनं सोडत नाहीत, त्यामुळे आमची कमाई एकादशीच्या आधी-नंतरच्या दिवसांत आणि एरवी शनिवार-रविवारी. कारला शंभर, दुचाकीला वीस. 2020 च्या आषाढीला पादुका एसटीने आल्या, गावात संचारबंदी होती. त्या दिवशी चौकात फक्त आमचं मांजर बसलं होतं. मुलीची फी कशी भरली ते आमचं आम्हाला माहीत.

दोन वर्षांपूर्वी एकाच्या गाडीचा मागचा दिवा चौकात फुटला. चावी आमच्याकडे होती, दुसरी गाडी काढताना भाच्याने ती सरकवली होती. मी बोर्डाकडे बोट दाखवलं, 'वाहनाची जबाबदारी मालकाची'. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चावी कोणाकडे होती?" रात्री पुस्तक उघडलं. 1872 चा करार कायदा, कलम 148, निक्षेप. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की कलम 151 प्रमाणे आपल्या वस्तूइतकी काळजी घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने 2019 ला एका मोठ्या हॉटेलच्या खटल्यात हेच सांगितलं. 1998 ला हॉटेलच्या माणसाकडे चावी देऊन लावलेली गाडी चोरीला गेली होती. कुपनावर 'मालकाच्या जोखमीवर' छापलं होतं, तरी स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलची सुटका झाली नाही. मी दिव्याचे पैसे दिले. तेव्हापासून चावी घेत नाही. ज्याची गाडी तोच लावतो, तोच काढतो. बोळातल्या सगळ्यांना हेच सांगतो, काही ऐकतात.

दुसरी गोष्ट पावतीची. कॉरिडॉरची चर्चा सुरू झाल्यापासून बोळात रोज एकच विषय, घर गेलं तर काय मिळणार. जमीन आणि बांधकाम मोजता येतं. पण चौकाची कमाई? 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 28 मध्ये कमाईला बसणाऱ्या झळीचाही विचार आहे. पण ती सिद्ध कशी करणार? पणजोबांनी ज्वारी घेतली, आजीने शेण, आम्ही सुट्टे शंभर. चार पिढ्यांच्या उत्पन्नाचा एकही कागद नाही. आणि कागद नाही म्हणून आजवर त्यावर कुणी कर भरलेला नाही, हेही सरळ कबूल करायला हवं. आता दोन्हीकडून एकदम हक्क सांगता येणार नाही.

म्हणून यंदा मी पावतीपुस्तक छापून आणलंय. गाडी नंबर, तारीख, रक्कम, सही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, आयकरवाल्यांना स्वतःहून बोलावतोस काय?" म्हटलं, बोलावतोय. परवा मराठवाड्यातलं एक कुटुंब आलं. त्यांच्या आजोबांची गाडी आमच्याच चौकात सुटायची म्हणे. माणूस उंबऱ्यातले खळगे बघत बराच वेळ उभा होता. मग त्याने आरसे मिटले आणि गाडी आत घेतली. पावती क्रमांक 1 त्याच्या नावाने फाडली. शंभर रुपये दिले आणि डिकीतून गुळाची ढेप काढून आईच्या हातात ठेवली. ती कुठल्या रकान्यात लिहायची, अजून ठरलेलं नाही.