प्रदर्शनात मांडलेले वाद्य



कार्यक्रमपत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींना हसू आले असेल. वसंतातल्या व्याख्यानांना आपण पेशवाई ऐकतो, ज्ञानेश्वरी ऐकतो, अर्थशास्त्रही सोसतो. आणि आज हे युकुलेले कोठून उपटले? तंबोऱ्याशेजारी ठेवले तर त्याचे पोर वाटावे असे हे वाद्य. लांबी दोन-अडीच वीत, तारा चार. परंतु या पोराचा इतिहास साखर, राज्यक्रांती, व्यापार आणि कायदा एवढ्या सगळ्यांतून गेलेला आहे, आणि त्यातला एक प्रश्न अजून सुटलेला नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अनाहाइम या शहरी वाद्यव्यापाऱ्यांचे एक मोठे प्रदर्शन भरते. ते भरवणारी व्यापाऱ्यांची संस्था १९०१ साली स्थापन झालेली आहे. तेथे दरवेळी युकुलेलेचे नवे नमुने मांडलेले असतात. काही लाकडाचे, काही भिजले तरी न बिघडणारे प्लास्टिकचे, काही कार्बनच्या धाग्यांचे, काही विजेच्या ध्वनिवर्धकाला जोडता येणारे. त्यांतल्या पुष्कळांवर समुद्राच्या लाटा, माडाची झाडे, जास्वंदीची फुले काढलेली असतात; वाद्य मात्र चीनमध्ये किंवा इंडोनेशियात घडलेले असते. ही लाट आणि हे माड ज्या हवाई बेटांचे, त्या बेटांचा या वाद्याशी संबंध काय उरला? यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पहिली गोष्ट नावाची. हवाईची माणसे 'उकुलेले' म्हणतात. आपण 'युकुलेले' म्हणतो, कारण ते आपल्याकडे अमेरिकेच्या तोंडून आले. उच्चारातच निम्मा इतिहास आला म्हणावयाचा. मी आज रूढ उच्चारच ठेवतो, नाहीतर आपले लक्ष विषयावरून उडेल. नावाचा रूढ अर्थ 'उडती पिसू'. वाजवणाऱ्याची बोटे तारांवरून टुणटुण उड्या मारतात म्हणून तसे नाव पडले, असे सांगतात. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिला हा अर्थ मानवत नसे. 'येथे चालत आलेली देणगी' असा तिने त्याचा अर्थ लावला. राणीची व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटो वा न पटो, इतिहासाला ती पटण्यासारखी आहे.

ही देणगी आली कोठून? अटलांटिक महासागरातील मादेरा या पोर्तुगीज बेटावरून. बेट द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध होते, पण एकोणिसाव्या शतकात तेथील वेलींवर एकामागून एक दोन रोग पडले आणि माणसे देशोधडीला लागली. त्याच सुमारास, १८७५ साली, हवाईच्या राज्याने अमेरिकेशी तह केला आणि हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली. उसाचे मळे वाढले, मजूर पुरेनात. तेव्हा मादेराची उपाशी माणसे करारावर बांधून आणण्याचे ठरले. 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज चार महिन्यांचा प्रवास करून ऑगस्ट १८७९ मध्ये होनोलुलूस लागले. त्यात चारशेहून अधिक मादेरावासी होते. त्यांपैकी तिघे सुतारकामात कसबी होते: मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो. करार अर्थात मळ्यावरच्या मजुरीचा होता. बटाटा, पगार, चावी हे शब्द देणारे पोर्तुगीज आपण ओळखतो. हे तिघे त्याच बोलीचे, पण तोफा घेऊन न आलेले पोर्तुगीज होते.

त्यांच्या सामानात 'माशेत' नावाचे चार तारांचे लहान वाद्य होते. जहाज लागून दोन आठवडे झाले नाहीत तोच होनोलुलूच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की नुकतेच आलेले मादेराचे लोक रात्री रस्त्यावर गाऊन-वाजवून गावाला रिझवीत आहेत. पुढे मळ्यावरची मुदत सरल्यावर तिघांनीही होनोलुलूत दुकाने थाटली. तेथे त्यांना 'कोआ' हे लाकूड मिळाले. हा वृक्ष आपल्या बाभळीच्या गोत्रातला, पण दिसायला थोराड, आणि लाकूड सोनेरी-तांबूस रेघांचे. आकार माशेतचा, तारा जुळवण्याची रीत मादेराच्याच 'रजाओ' नावाच्या पाच तारांच्या वाद्याची आणि लाकूड हवाईचे, असे हे नवे वाद्य सिद्ध झाले.

जुळणीबद्दल दोन शब्द. सतारीसारख्या वाद्यात खर्जाकडून वर जाण्याची काही शिस्त असते. युकुलेलेत अंगठ्याजवळची पहिली तार खाली न लावता वर चढवलेली असते, म्हणून चारही तारा एका सप्तकाच्या आत दाटीवाटीने बसतात. त्यामुळे छेडताच सूर एकदम हसल्यासारखे निघतात. शिवाय तीन-चार बोटांच्या जागा कळल्या की साधे गाणे गाता येते. रियाझाची थोरवी जाणणाऱ्या आपल्या समाजाला हे उथळ वाटेल. पण बाजाराला नेमके हेच हवे असते, आणि राजालाही तेच आवडले.

तो राजा कलाकाउआ. मोठा हौशी आणि संगीताचा भोक्ता. १८८१ साली तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. कलकत्त्यास उतरून आगगाडीने मुंबईस आला आणि मुंबईहून बोटीने सुएझकडे गेला. त्या प्रवासाचा एक हेतू मळ्यांसाठी मजूर मिळतात का हे पाहण्याचाही होता. गिरगावात किंवा फोर्टात त्याला पाहणाऱ्यांना हा बेटांचा राजा काय शोधतो आहे याची कल्पना कशी असणार! मिशनऱ्यांनी निषिद्ध ठरवलेले हुला नृत्य त्याने पुन्हा दरबारात आणले आणि १८८६ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवात त्या नृत्याला भोपळ्याच्या तालवाद्याबरोबर युकुलेलेची साथ दिली. परक्याचे वाद्य राजाने हाती घेतले आणि ते प्रजेचे झाले. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्को शहरी तो वारला. त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. साखरवाल्यांच्या आणि अमेरिकन हितसंबंधीयांच्या गटाने १८९३ साली तिला पदच्युत केले, आणि १८९८ साली अमेरिकेने बेटे खालसा केली. खालसा हा शब्द आपल्याला समजावून सांगावयास नको. साताऱ्याची, नागपूरची, झाशीची माणसे तो जन्मतःच शिकली.

आता आपण प्रदर्शनाशी येऊन पोचलो. कलाकाउआ ज्या शहरी वारला त्याच सॅन फ्रान्सिस्कोत, १९१५ च्या २० फेब्रुवारीपासून ४ डिसेंबरपर्यंत, पनामा कालवा खुला झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ जागतिक प्रदर्शन भरले. १९०६ च्या भूकंपातून शहर उठून उभे राहिले, हे जगाला दाखवणे हाही त्यातला उद्देश होता. दीड कोटीहून अधिक वेळा लोकांनी प्रवेशद्वार ओलांडले. खालसा झालेल्या हवाईची तेथे स्वतंत्र इमारत होती. आत रंगीबेरंगी मासे पोहत होते, हवाईची कॉफी आणि अननस खपत होते आणि व्यासपीठावर वादकांचा ताफा दिवसभर गात होता. प्रवासी हवाईला यावेत आणि माल खपावा, एवढाच हवाईच्या व्यापाऱ्यांचा हिशेब होता. लोक मात्र मासे पाहता पाहता गाणे ऐकत उभे राहिले आणि परत जाताना दुकानात युकुलेले मागू लागले.

या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले ते जोना कुमालाए या मूळ हवाईवंशीय कारखानदाराला. तो लोकप्रतिनिधी होता आणि होनोलुलूत त्याचा युकुलेलेचा कारखाना होता. पुढे त्याच्या वाद्यांवर त्या पदकाचा उल्लेख असे. तिघा मूळ कारागिरांपैकी सांतो १९०५ साली वारला होता आणि दियास या १९१५ सालीच गेला. नुनेस तेवढा हयात होता, आणि आपल्या वाद्यांच्या चिठ्ठीवर स्वतःला एकट्यालाच जनक म्हणवीत होता. कारागीर कितीही थोर असो, दुकान थाटले की भागीदारांची आठवण पुसट होते, असे दिसते.

पदक हवाईला मिळाले, पण मागणीच एवढी उसळली की होनोलुलूच्या कारागिरांच्या हातून ती पुरी होईना. ती शिकागोच्या आणि पूर्वेकडच्या कारखान्यांनी पुरी केली. पेनसिल्व्हेनियातील मार्टिन ही नामांकित गिटार-कंपनी. तिने १९०७ साली काही युकुलेले करून पाहिले होते. पण ते गिटारीच्या शिस्तीने, आतून जाड आधारपट्ट्या देऊन केल्यामुळे आवाज कोंडला आणि खपले नाहीत. प्रदर्शनानंतर कंपनीने हवाईच्या वाद्यांसारखे हलके अंग धरले आणि विसाच्या दशकात ती गिटारींपेक्षा युकुलेले अधिक करू लागली. हे वाद्य चांगले होते, हे मान्यच केले पाहिजे. आजही जाणकार ते शोधत फिरतात. तक्रार मार्टिनविषयी नव्हती. तक्रार होती ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर यंत्राने ठोकलेल्या आणि वर 'हवाईत घडविलेले' असा छाप मारलेल्या वाद्यांविषयी. होनोलुलूच्या कारागिरांनी मग हवाईचे जुने राजचिन्ह आणि 'ताबू' म्हणजे 'निषिद्ध' हा शब्द असलेला शिक्का आपल्या वाद्यांवर उमटवावयास सुरुवात केली. ज्या राज्याला खालसा करून सतरा-अठरा वर्षे झाली होती, त्याच्या राजचिन्हाचा आधार सुतारांना घ्यावा लागला! गिऱ्हाइकाने शिक्का फारसा पाहिला नाही, किंमत पाहिली.

येथे एक शंका कोणी काढील आणि ती रास्त आहे. हवाईने तरी हे वाद्य मादेराकडून घेतलेच ना? मग अमेरिकेने हवाईकडून घेतले तर रडगाणे कशाला? मला यात एक फरक दिसतो. पहिल्या वेळी वाद्याबरोबर त्याचे कर्ते आले, तेथे राहिले, तेथल्या लाकडाला हात लावला आणि तेथल्या पोरांना धंदा शिकवला. दुसऱ्या वेळी वाद्य गेले आणि कर्ते होनोलुलूतच बसून राहिले. अपवाद नुनेसच्या मुलाचा. लिओनार्दो नुनेस स्वतःच लॉस एंजेलिसला गेला आणि तेथे वाद्ये करू लागला. त्याच्या वाद्यांना हवाईची म्हणावे की अमेरिकेची, हे मला ठरवता आलेले नाही.

त्याच लाटेवर हवाईची दुसरी करामतही जगभर गेली. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने घासून वाजवावयाची ती हवाईयन गिटार. आपल्याकडे रुजली ती हीच. ताऊ मो हा सामोआत जन्मलेला, हवाईत वाढलेला वादक चाळिसाच्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यास राहिला होता. पुढे हिंदी चित्रपटांच्या धुना व्हॅन शिपली यांनी त्या गिटारीवर वाजवल्या आणि पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडले. कारण उघड आहे: त्या गिटारीवर मींड निघते, युकुलेलेवर निघत नाही.

असो. विसाच्या दशकात व्यापाऱ्यांना नव्या नमुन्यांचे वेड लागले. बॅन्जोसारखे कातडे ताणलेले युकुलेले निघाले, मोठ्या अंगाचे निघाले. शिकागोच्या हार्मनी कंपनीने तर एक नासपतीच्या आकाराचा नमुना काढला आणि त्याच्या ध्वनिछिद्रांना सर्कशीतल्या सीलमाशांचा आकार दिला. आवाजाला त्याने काय लाभ झाला ते सीलच जाणोत. पण याच काळात हवाईतही एक नवा नमुना झाला आणि तो खरा गुणी निघाला. नुनेसच्या हाताखाली शिकलेल्या सॅम्युएल कमाका याने १९१६ साली घरच्या जागेत काम सुरू केले होते. त्याने कंबर काढून टाकून अननसाच्या आकाराचे वाद्य केले. आवाज भरदार झाला, आणि १९२८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. अननस हे नावही आपल्याकडे पोर्तुगीजांनीच आणले.

मंदी आली आणि वेड ओसरले. पुन्हा ते उसळले ते मारिओ माकाफेरीमुळे. हा इटलीचा निष्णात गिटारवादक आणि वाद्यकार; फ्रान्समध्ये त्याने योजलेली गिटार जँगो राइनहार्टने गाजवली. १९३९ साली तो अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्याने प्लास्टिक पाहिले आणि त्याच्या डोक्यात ते बसले. आधी कपडे वाळत घालण्याचे चिमटे केले, मग १९५० च्या सुमारास साच्यातून काढलेला प्लास्टिकचा युकुलेले. किंमत सहा डॉलरला पाच सेंट कमी. दूरचित्रवाणीवर आर्थर गॉडफ्रेसारखा लोकप्रिय माणूस शिकवू लागला आणि ही वाद्ये लाखांनी खपली. त्याला कारागिरांचा शत्रू ठरवणे सोपे आहे. मला ते जमत नाही. तो स्वतः उत्तम कारागीर होता, साच्याचा प्रत्येक कोन त्याने कानाने तपासला होता, आणि ज्या घरांत कोआच्या वाद्याला पैसे नव्हते त्या घरांतल्या मुलांच्या हाती त्याने सुरात लागणारे वाद्य दिले. शिवाय त्याने आपल्या मालावर आपलेच नाव घातले.

आज हवाईच्या कायद्याने 'हवाईत घडविलेले' असे लिहावयाचे तर मालाच्या घाऊक किमतीतला निदान ५१ टक्के भाग हवाईतल्या श्रमाने आणि प्रक्रियेने आलेला असावा लागतो. अनाहाइमच्या मांडवातल्या माडाच्या चित्राला मात्र तो कायदा लागू नाही, कारण चित्र काही बोलत नाही. होनोलुलूच्या साउथ स्ट्रीटवर कमाकाचे वंशज अजून कोआची वाद्ये घडवतात. कोआचे लाकूड महाग झाले आहे, आणि ते नीट वाळावे म्हणून वर्षानुवर्षे रचून ठेवावे लागते.