'याम' : समुद्र आणि पश्चिम

दिशांची नावे ही भाषेतील सर्वांत अलिप्त नावे होत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू भाषा वाचताना हा समज टिकत नाही. तेथे पश्चिमेसाठी नेहमी येणारा शब्द 'याम' हा असून त्याचा मूळ अर्थ समुद्र असा आहे. संस्कृतातील 'याम्य' म्हणजे यमाची दक्षिण दिशा. तिच्याशी ह्या शब्दाचे काही नाते नाही, ते केवळ ध्वनिसाम्य होय.

हिब्रूतील दिशावाचक शब्दांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचा. 'केदेम' म्हणजे समोरची बाजू, म्हणून पूर्व. शिवाय प्राचीन काळ असाही त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे 'पूर्व' आणि 'पूर्वी' यांचे जे नाते, तेच हे. 'तेमान' म्हणजे उजवीकडची बाजू, म्हणून दक्षिण. संस्कृतातील 'दक्षिण' शब्दाचाही एक अर्थ उजवा असाच आहे. हिब्रू आणि संस्कृत ही दोन निराळी भाषाकुले. तरीही दोहोंनी एकाच सूर्याकडे तोंड केले आणि एकाच रीतीने दिशा मोजल्या.

दुसरा वर्ग मात्र माणसाच्या देहाचा नसून भूमीचा आहे. कनान देशाच्या पश्चिमेस भूमध्य समुद्र, म्हणून 'याम' म्हणजे पश्चिम. दक्षिणेस 'नेगेव' हा रुक्ष मुलूख, म्हणून 'नेगेव' म्हणजे दक्षिण. उत्तरेसाठी असलेला 'त्साफोन' हा शब्द आज सीरिया व तुर्कस्तान यांच्या सरहद्दीवर उभ्या असलेल्या जेबेल अक्रा ह्या पर्वताचे प्राचीन नाव होते. माणूस कोठेही गेला तरी त्याचा उजवा हात त्याच्याबरोबर जातो. पण समुद्र, वाळवंट आणि पर्वत मागेच राहतात.

याचा सुंदर पुरावा 'निर्गम' ह्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात सापडतो. मिसर देशावर टोळधाड येते आणि शेवटी प्रचंड वारा सुटून ती टोळधाड तांबड्या समुद्रात लोटली जाते. ह्या वाऱ्याला मुळात 'समुद्राचा वारा' म्हटले आहे. मिसरचा भूमध्य समुद्र उत्तरेस आहे; परंतु टोळ पूर्वेकडे लोटले गेले, तेव्हा वारा पश्चिमेचाच असला पाहिजे. एकाच वाक्यात 'याम' शब्द प्रथम पश्चिम ह्या अर्थी आणि लगेच समुद्र ह्या अर्थी आला आहे. कथा मिसरची, पण ती सांगणाऱ्या भाषेचे पाय कनानच्या भूमीवर रोवलेले आहेत. इतिहासकाराला शिलालेखाइतकीच बोलकी वाटावी अशी ही साक्ष आहे.

भाषांतरकाराने ही साक्ष दुर्लक्षिली तर काय घडते, हे 'नेगेव'वरून कळते. 'उत्पत्ती'च्या तेराव्या अध्यायात अब्राम मिसर सोडून नेगेवकडे जातो. 1611 च्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तो दक्षिणेकडे गेला असे छापले आहे. वास्तविक मिसरहून कनानला जाणारा प्रवासी ईशान्येकडे चालतो! प्रदेशाचे नाव दिशा म्हणून वाचले गेले आणि अब्रामाची वाट उलटी फिरली.

यहुदी लोक पुढे देशोदेशी विखुरले. प्रार्थनेच्या वेळी जेरुसलेमकडे तोंड करावे हा नियम त्यांच्याबरोबर गेला. युरोपात त्यासाठी 'मिझराह', म्हणजे पूर्व, असे लिहिलेली पाटी घरातील पूर्वेच्या भिंतीवर लावण्याची चाल पडली. मराठी बोलणाऱ्या कोकणातील बेने इस्राएलांना मात्र जेरुसलेम पश्चिमेस. त्यांच्या दाराशी असलेला समुद्रही पश्चिमेसच. कनानपासून इतक्या दूर येऊनही 'याम' शब्दाचे दोन्ही अर्थ कोकणच्या किनाऱ्यावर पुन्हा एकत्र नांदू शकले.

असा योग विरळाच. एरव्ही स्थलांतरित समाजाच्या मुखी शब्द राहतो आणि त्यामागची भूमी दृष्टीआड होते. उत्तरेकडील कित्येक नगरांत मराठी माणसाला 'दक्षिणी' म्हणत आले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदणाऱ्या कुटुंबाची दिशा त्या शब्दाने जपून ठेवली आहे. दिशावाचक शब्द कोठे जायचे हे सांगतो. पण नीट ऐकले, तर आपण कोठून आलो हेही तो सांगतो.