पांझरेचे बंधारे

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर दगड-चुन्याचे जुने बंधारे आहेत, काही तीनेकशे वर्षांचे. सांडव्यावरून पाणी भोवरे करत कोसळतं. बाजूचा पाट मात्र संथपणे फडाकडे, म्हणजे शेतांच्या सामाईक पट्ट्याकडे वळतो. एका फडात सगळे एकच पीक घेतात. पाणी देतो पाटकरी.

भोवऱ्यांचं शास्त्र पुष्कळ नंतरचं. १८८३ साली मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडली. वेग वाढला तशी सरळ रेघ थरथरली, मग विस्कटून गेली. पुढच्याच वर्षी तरुण अभियंते विश्वेश्वरय्या खानदेशात रुजू झाले; पांझरेच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं.

आज खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) धरणांच्या छोट्या प्रतिकृतींवर असे प्रवाह तपासतात. फडाचे बंधारे अशा चाचणीविना उभे राहिले. त्यांची डागडुजी थांबता कामा नये.